दोन स्वल्पविरामांमधला खाडा

संगणकाला सांगायच्या सोप्या कामांची यादी केली, तर ‘या खुणेपाशी तोड’ हे काम बेरजेच्या खालोखाल येईल. एक लांबलचक ओळ आहे, मध्ये मध्ये स्वल्पविराम आहेत. प्रत्येक स्वल्पविरामापाशी कापायचं आणि तुकडे हवाली करायचे. भेंडी चिरण्याइतकं हे साधं आहे. उलट भेंडी तरी चिकट असते. प्रोग्रामिंगच्या बहुतेक भाषांत या कामाला ‘स्प्लिट’ म्हणतात. पीएचपीत मात्र ‘एक्सप्लोड’ म्हणतात, म्हणजे थेट स्फोट, आणि तुकडे पुन्हा जोडण्याला ‘इम्प्लोड’. स्वल्पविरामासारख्या गरीब जिवासाठी सुरुंग लावणारी ही भाषा असंख्य संकेतस्थळांच्या पोटात बसलेली आहे, हे रात्री झोपताना आठवू नये. पण नाव काही असो, काम एकच आहे, तेव्हा उत्तरही एकच यावं, असं कोणालाही वाटेल. ते येत नाही. आणि येत नाही याचं कारण कापण्यात नसून कापल्यावर हाताला जे लागत नाही त्यात आहे. दोन स्वल्पविराम एकमेकांना खेटून उभे असतील, तर त्यांच्या मधल्या ‘काही नाही’ला तुकडा म्हणायचं की नाही, एवढ्या एका प्रश्नावर संगणकाच्या जगात आजवर एकमत झालेलं नाही. माझं मत असं की म्हणायचं, दरवेळी म्हणायचं, आणि ज्यांना ते नको असेल त्यांनी नंतर स्वतःच्या हाताने उचलून टाकावं.

मराठी घराला हा प्रश्न नवा नाही, कारण त्याला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे: खाडा. कालनिर्णय १९७३ साली निघालं तेव्हापासून त्याच्या चौकटींत संकष्टी, एकादशी यांच्या बरोबरीने दुधाचाही हिशोब राहत आला आहे. समजा, एका घराचा आठवडा असा गेला: सोमवारी एक लिटर, मंगळवारी एक, बुधवारी खाडा, गुरुवारी पाहुणे आले म्हणून दोन, शुक्रवारी एक, आणि शनिवार-रविवार मंडळी गावाला. संगणकाच्या ओळीत हे ‘१,१,,२,१,,’ असं दिसेल. सहा स्वल्पविराम, सात दिवस. आता ही ओळ वेगवेगळ्या भाषांकडे द्या. पायथन, जावास्क्रिप्ट आणि गो सात तुकडे देतात आणि गप्प बसतात. जावा पाचच देते: मधला बुधवार तिने ठेवला, पण शेपटीचे दोन रिकामे दिवस तिला अनावश्यक वाटले. रुबीचंही तेच. सी भाषेतला ‘एसटीआरटोक’ नावाचा जुना कारागीर चार तुकडे देतो; त्याच्या लेखी दोन खुणा खेटून आल्या की ती एकच जाड खूण. त्यामुळे गुरुवारचे पाहुणे बुधवारीच येऊन दूध पिऊन जातात. शिवाय हा गृहस्थ तुकडे करताना मूळ ओळीतल्या स्वल्पविरामांवर शून्य-खूण मारत जातो, म्हणजे हिशोब विचारला तर कालनिर्णयच फाडून हातात देतो. आणि आपण कुठवर आलो हे तो एकाच ठिकाणी लक्षात ठेवत असल्याने, एका घराचा हिशोब अर्ध्यात असताना दुसऱ्या घराचा सुरू केला की पहिलं घर तो साफ विसरतो.

यातली गंमत अशी की तिन्ही उत्तरांची बेरीज एकच येते: पाच लिटर. बिल बरोबर, दूधवाला खूश, घरमालक खूश. रिकामे तुकडे गिळण्याची खोड इतकी वर्षं टिकली ती याच कारणाने. बेरीज करणाऱ्याला तिचा उपद्रव होत नाही. उपद्रव होतो तो ‘बुधवारी काय झालं’ असं विचारणाऱ्याला, आणि असं विचारणारा माणूस फार उशिरा, भांडण पेटल्यावरच येतो. रिकामा तुकडा स्वतः काही सांगत नाही हे खरं, पण त्याच्यामुळे बाकीच्यांना आपापली जागा मिळते. पंगतीत एक पाट रिकामा राहिला म्हणून कोणी उरलेल्या सगळ्यांना सरकायला सांगत नाही. सांगितलं, तर गोड न खाणाऱ्याच्या पानात जिलबी पडेल आणि जिलबीसाठी आलेल्याच्या पानात कारल्याची भाजी.

काही ठिकाणी तर रिकामा तुकडा स्वतःच मोठं विधान करतो. युनिक्सच्या घराण्यात ‘पाथ’ नावाची एक ओळ असते. आज्ञा कुठल्या कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्यांची नावं तिच्यात विसर्गासारख्या दोन टिंबांनी तोडून लिहितात. दोन खुणा चुकून खेटल्या आणि मध्ये रिकामा तुकडा पडला, तर जुन्या रिवाजानुसार त्याचा अर्थ ‘आत्ता आहोत तेच फोल्डर’ असा होतो. म्हणजे कोणा उपद्व्यापी माणसाने त्या फोल्डरात नेहमीच्या आज्ञेचं नाव लावून आपला प्रोग्राम ठेवला, तर तोच धावण्याची सोय झाली. दार उघडं राहिलं ते लिहिलेल्या नावामुळे नव्हे, न लिहिलेल्या नावामुळे. जो गडी ‘काहीच नाही’ दिसलं की केर समजून झाडून टाकतो, त्याच्या हाती अशा घराची किल्ली देता येत नाही.

माझ्या मताच्या बाजूने शाळकरी गणितही आहे. दोरीवर तीन काप घातले की चार तुकडे होतात. तेव्हा खुणांची संख्या अधिक एक एवढे तुकडे आलेच पाहिजेत. एवढा नियम पाळला की पुढचं सगळं आपोआप सुटतं. त्याच खुणेने तुकडे परत जोडले तर मूळ ओळ जशीच्या तशी मिळते, हे त्यातूनच निघतं. जावाच्या पाच तुकड्यांवरून आठवडा पुन्हा उभा करू गेलात, तर तो शुक्रवारी संपतो. पाच दिवसांचा आठवडा मागणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांनी ही भाषा बोधचिन्ह म्हणून घ्यायला हरकत नाही. पूर्ण महिनाभर घर बंद असेल तर आणखी मजा. एकतीस दिवसांचा महिना म्हणजे तीस स्वल्पविराम आणि मध्ये काहीही नाही. जावा उत्तर देते शून्य तुकडे. पण ज्या ओळीत एकही स्वल्पविराम नाही, काहीच नाही, ती निव्वळ कोरी ओळ दिली तर हीच जावा एक तुकडा देते. तीस खुणांचे शून्य आणि शून्य खुणांचा एक! याची संगती लावता येते, कागदोपत्री लावलेलीही आहे, पण तिच्यासाठी आधी एक कप चहा लागतो.

कोऱ्या ओळीचा पेच मात्र खरा आहे आणि माझ्या नियमाला तो बोचतो, हे लपवण्यात अर्थ नाही. कोरी ओळ तोडली तर एक रिकामा तुकडा यावा की एकही येऊ नये? माझा नियम सांगतो, शून्य खुणा अधिक एक म्हणजे एक. आक्षेप असा की एकही तुकडा नसलेली यादी जोडली तरी कोरी ओळच तयार होते. मग ती परत तोडताना एक तुकडा कुठून आला? बरोबर आहे. आहेर म्हणून रिकामी पिशवी आणणारा पाहुणा आणि काहीच न आणणारा पाहुणा, हे दोघे आहेराच्या वहीत सारखेच दिसतात. पण ही गफलत वही लिहिणाराने केली, वाचणाराने नाही. जोडताना जे हरवलं ते तोडताना सापडेल अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे सुरीला खीर नासल्याचा जाब विचारणं. वाचणाराला दोनांतलं एक निवडावंच लागतं, आणि निवडायचंच तर ज्या निवडीने नियमाला अपवाद करावा लागत नाही ती निवडावी.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. ते म्हणतात, स्वल्पविरामाचं सोडा, मोकळ्या जागेचं काय? माणसं टाइप करताना दोन शब्दांत एक जागा सोडतात, कधी दोन, आणि स्तंभ सरळ दिसावेत म्हणून कधी दहा. महाराष्ट्रातला साधा अर्ज घ्या: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. मधे एकदा अंगठा जास्त वेळ रेंगाळला की तुमचा नियम त्या माणसाला एक रिकामं नाव बहाल करणार आणि आडनावाला चौथ्या खुर्चीवर बसवणार. हे मान्यच करावं लागतं. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? १९७७ साली बेल लॅबमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांनी आपल्या आद्याक्षरांवरून ‘ऑक’ हे अवजार केलं, तेव्हाच त्यात ही विभागणी होती: काही न सांगता तोडायला दिलं तर मोकळ्या जागांचा कितीही मोठा पट्टा एकच खूण मानायचा, पण स्वल्पविरामाने तोड असं स्पष्ट सांगितलं, तर प्रत्येक स्वल्पविराम वेगळा मोजायचा. पायथननेही तेच केलं. खूण न सांगता तोडायला सांगा, तो शब्द वेचून देतो. खूण सांगा, तो काटेकोर होतो. मोकळी जागा माणसाच्या हाताचा थरकाप दाखवते, तर स्वल्पविराम मुद्दाम उचलून ठेवावा लागतो. ही दोन वेगळी कामं आहेत, शब्द वेचणं आणि रकाने पाडणं. एकाच नावाखाली दोन्ही कोंबली म्हणून भांडण झालं. या बाबतीत सर्वांत सभ्य वागणूक मला एक्सेलची वाटते. ‘टेक्स्ट टू कॉलम्स’च्या खिडकीत तिथे सरळ एक चौकोन ठेवला आहे: लागोपाठ आलेल्या खुणा एकच मानू का? संगणकाच्या या एका कोपऱ्यात तरी खाड्याबद्दल घरमालकाला विचारायची पद्धत आहे. लोक तो चौकोन न वाचताच ‘नेक्स्ट’ दाबतात हा भाग वेगळा.

तिसरा आक्षेप शेपटीचा. फाइलच्या शेवटच्या ओळीनंतरही ओळ मोडण्याची खूण असते. तुमच्या नियमाने फाइल तोडली की शेवटी एक भुताची ओळ येते, तिचं काय? इथे मला आगगाडीची मदत घ्यावी लागेल. चोवीस डब्यांच्या गाडीत डब्याडब्यांमधले सांधे तेवीस असतात. पण शेवटच्या डब्याच्या मागेही सांध्याचा आकडा लोंबत असतोच. म्हणून त्याला पंचविसावा अदृश्य डबा जोडलेला आहे असं कोणी म्हणत नाही, कारण त्या डब्यावर ‘एलव्ही’ची पाटी असते: हा शेवटचा. स्टेशनवरचा माणूस ती पाटी दिसते का ते पाहतो. दिसली नाही तर गाडी वाटेत तुटली असा संशय घेतो. सांधा दोघांच्या मधला असतो आणि पाटी एकाच्या शेवटची. एक विभाजक, दुसरा समापक. युनिक्सच्या प्रमाणग्रंथात ओळीची व्याख्याच मुळी शेवटच्या खुणेसकट केलेली आहे, म्हणजे तिथे ती खूण पाटी आहे, सांधा नाही. पास्कल भाषेत अर्धविराम हा दोन वाक्यांमधला सांधा, म्हणून ‘एल्स’च्या आधी तो घातला तर चूक ठरते, सी भाषेत तोच अर्धविराम वाक्याची शेवटची पाटी, न घातला तर चूक. एकाच टिंब-शेपटीवरून दोन पिढ्यांनी एकमेकांना शिव्या घातल्या. तेव्हा भुताची ओळ दिसली की दोष तोडण्याच्या नियमाला देण्याआधी आपण पाटीला सांधा समजलो का ते बघावं.

आता ओळीऐवजी अ‍ॅरे घ्या, म्हणजे एकामागे एक मांडून ठेवलेल्या वस्तूंची रांग: पाच, आठ, शून्य, तीन, शून्य, शून्य, सात. शून्यापाशी तोडायचं. माझ्या नियमाने चार गट येतात: पाच-आठ, तीन, रिकामा, सात. ओळ तोडायचं हत्यार बहुतेक भाषांत तयार मिळतं, रांग तोडायचं मात्र बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. कारागिराला ते घरी घडवावं लागतं आणि इथेच करमणुकीला सुरुवात होते. रस्ट भाषेत ते आहे, आणि दोन खुणा लागोपाठ आल्या तर मध्ये रिकामा गट मिळेल असं तिथे स्पष्ट लिहून ठेवलं आहे. स्विफ्टमध्येही आहे, पण ती रिकामे गट न विचारता गाळते. हवे असतील तर वेगळी विनंती करावी लागते. पायथनवाले हुशारीने ‘ग्रुपबाय’ वापरतात आणि तीन गट मिळवून खूश होतात, कारण त्याला दोन शून्यं शेजारी दिसली की ती एकाच कुटुंबातली वाटतात. उरलेले लोक स्वतः चक्र लिहितात: वस्तू येईल तशी हातातल्या द्रोणात टाक, शून्य दिसलं की द्रोण पुढे सरकव आणि नवा घे. हे इतकं स्वच्छ दिसतं की चूक कुठे आहे हे कळत नाही. चूक अशी की सातनंतर शून्य येतच नाही. चक्र संपतं, शेवटचा द्रोण हातातच राहतो, आणि सात उपाशी जातो. शेवटच्या पंगतीला वाढायचं राहून जाणं ही लग्नघराइतकीच या धंद्यातलीही जुनी खोड आहे. त्यावरचा लोकप्रिय इलाज म्हणजे रांगेच्या शेवटी आपणच एक खोटं शून्य चिकटवणं. मग रांग मुळातच शून्याने संपत असेल तर एक गट जास्त की बरोबर, यावर पुन्हा चहा.

‘पहिले दोनच तुकडे द्या’ असं सांगितलं तर काय होतं, ते एका वाक्यात आटोपतो: जावा दुसऱ्या तुकड्यात उरलेलं सगळं बांधून देते, जावास्क्रिप्ट उरलेलं गटारात सोडून देते, आणि पायथनला दोन सांगितलं की तो तुकडे न मोजता काप मोजतो आणि तीन तुकडे देतो.

याहून गंभीर आक्षेप असा की खुणेचं पावित्र्यच मुळात संशयास्पद आहे. वरच्या रांगेतलं शून्य ही खूण होती की खाडा? स्वल्पविराम हा विभाजक, पण तोच मजकुरातही येतो. ‘१,००,०००’ हा आपला एक लाख स्वल्पविरामाने तोडला तर तीन तुकडे होतात. अमेरिकेतल्या पद्धतीने लिहिलेल्या एक लाखाचे दोनच, म्हणजे फाटण्यातही आपली श्रीमंती जास्त. युरोपात कित्येक देश दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, म्हणून तिथल्या फायली अर्धविरामाने तोडतात आणि तरी त्यांना स्वल्पविरामाच्या फायली म्हणतात. अ‍ॅस्कीच्या तक्त्यात २८ ते ३१ हे चार क्रमांक खास याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत: फाइल, गट, नोंद आणि घटक यांचे विभाजक. मजकुरात कधी येणार नाहीत अशी चार निष्कलंक चिन्हं. ती कळफलकावर नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांना कोणी विचारलं नाही. सगळ्या जगाने गल्लीतला ओळखीचा स्वल्पविरामच कामाला ठेवला, आणि त्याच्या उचापतींना आवर घालणारी आरएफसी ४१८० ही नियमावली २००५ मध्ये आली. तोवर फायली दशकानुदशके धावत होत्या, आणि तिच्यात मुख्य उपाय काय, तर स्वल्पविराम असलेला मजकूर अवतरणचिन्हांत कोंडा. अवतरणचिन्हच मजकुरात असेल तर ते दोनदा लिहा.

आणि खूणच कोरी दिली तर? म्हणजे ‘कोऱ्या खुणेपाशी तोड’ असं सांगितलं तर पायथन सरळ नकार देतो. जावास्क्रिप्ट नकार देत नाही, ती शब्दाची हाडं वेगळी करते. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. तिच्या हाती दिलं की सहा तुकडे पडतात: स, पाय मोडणारी खूण, त, पुन्हा तीच खूण, र, आणि आधार सुटलेली दीर्घ वेलांटी. तेव्हा कुठे खूण नाही हे ठरवायलाही आधी अक्षर म्हणजे काय ते ठरवावं लागतं.

ते पाय मोडणं मात्र फुकट गेलेलं नाही. पाणिनीच्या परंपरेतली चौदा माहेश्वर सूत्रं म्हणजे वर्णांची एक रांग आहे आणि प्रत्येक सूत्राच्या शेवटी पाय मोडलेलं एक व्यंजन खूण म्हणून उभं आहे. ते मोजायचं नसतं, नुसतं तिथे तुकडा संपतो एवढंच सांगायचं; म्हणजे आपली ‘एलव्ही’ची पाटी. खुणेसाठी वापरलेला ण् मजकुरातही येतो, पण मजकुरातल्या ण ला स्वर जोडलेला असतो आणि खुणेचा पाय मोडलेला असतो, त्यामुळे अवतरणचिन्हांत कोंडाकोंडी करावी लागत नाही. इतकी देखणी योजना, आणि तरी तिच्यात ण् ही खूण पहिल्या आणि सहाव्या अशा दोन सूत्रांच्या शेवटी आली. मग ‘अ’पासून ‘ण्’पर्यंतचे वर्ण सांगणारं ‘अण्’ म्हणजे पहिल्या ण् पर्यंत की दुसऱ्या? टीकाकारांनी यावर खल केला आणि उत्तर असं दिलं की शंका आली म्हणून सूत्र टाकाऊ ठरत नाही, जाणकारांचं व्याख्यान पाहावं. ‘डॉक्युमेंटेशन वाचा’ हे उत्तर इतकं जुनं आहे. खाड्याच्या बाबतीत मात्र पाणिनीने व्याख्यानावर काही ठेवलं नाही. जे दिसेनासं झालं त्याला त्याने ‘लोप’ असं नाव दिलं, आणि प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचं कार्य होतं असा नियम केला. क्विप् नावाचा एक प्रत्यय आहे; तो शब्दाला लागतो आणि त्याचं एकही अक्षर उरत नाही. मस्टरवर सही करून खुर्चीवर कोट टांगून नाहीसा होणारा हा बहुधा पहिला कर्मचारी. पण मस्टरवरची त्याची ओळ कोणी खोडलेली नाही, आणि त्याच्या खालचा माणूस वर सरकलेला नाही.